भेगेवरचा माऊस

वातुलुम्पांग, ४ नोव्हेंबर २०१८

लास्त्री,

इथं कुणी आजारी नाही, तेव्हा पत्र सावकाश वाच. फोनवर बोलायचं तर रेंजसाठी शाळेमागच्या टेकडीवर चढावं लागतं, आणि आकडे बोलताना मी चुकते. भाजीच्या गाडीचा गियांतो योग्याच्या बाजारात येतोच, तो हे पत्र तुझ्या संस्थेच्या फाटकावर देईल. उत्तरही त्याच्याच हाती दे.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. शेवटच्या दिवसांत तुझा दादा कशाच्या मागे लागला होता ते तुला ठाऊक आहे. वाडीच्या सभागृहाच्या वर, वेलदोड्याच्या मळ्यात पडलेली भेग ह्यांनीच पहिल्यांदा पाहिली. तिच्या खाली चौदा घरं आहेत. माझं त्यात नाही, मी शाळेशेजारी कातळावर आहे, पण म्हणून काय झालं.

शाळेनं टाकून दिलेले गोळीवाले माऊस ह्यांनी घरी आणले होते. त्यातून करायचं यंत्र वहीत लिहून ठेवलंय. पोटातली गोळी काढायची, आतल्या बारीक रुळाला तार गुंडाळायची. तारेचं एक टोक भेगेच्या वरच्या अंगाला खुंटीला बांधायचं, दुसऱ्या टोकाला गळाचं शिसं लोंबकळत ठेवायचं. माऊसची पेटी भेगेच्या खालच्या अंगाला. भेग उघडली की तार ओढली जाते, रूळ फिरतो, माऊस रुळाच्या चकतीवरची घरं मोजतो. चार घरं म्हणजे एक मिलिमीटर. माऊस फक्त किती हललं तेवढं सांगतो, बेरीज तो मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड करतो.

मी चौथी शिकलेली बाई. बाकीचं वाचून शिकले, आणि ह्यांचं अक्षर मला वाचता येतं, एवढ्यावर हे काम हाती घेतलं. वहीत आहे तसं केलं. माऊसची शेपटी कापली, लाल वायर विजेला, काळी जमिनीला, पांढरी ठोक्याला, हिरवी माहितीला. माऊस तापला, करपल्याचा वास आला, मेला. दुसऱ्याची शेपटी कापली. तो तापला नाही, पण तीन दिवस झाले, एक अक्षर बोलत नाही. आता तीनच माऊस उरलेत.

इथं कुणाला विचारावं तर सगळे स्वच्छ-सुंदर वाडी स्पर्धेत बुडालेत. वाडीप्रमुख सार्जिमान वाटेवरच्या दगडांना पांढरा रंग फासतोय. दगडांना! त्यांच्यावरचं शेवाळ खरवडून काढलं आणि वर तेलाचा रंग. त्या वासानं मी घराच्या खिडक्या लावून बसते.

ह्यांच्या प्रोग्रॅमचं कार्ड सोबत आहे. काय चुकलं ते कळव.

वागिराह

•

योग्याकार्ता, ९ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं काही चुकलं नाही. दादानं वहीत लिहिलंय ते त्याच्या हातातल्या माऊसबद्दल. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. एकाच कंपनीत महिन्यागणिकसुद्धा बदलतात, ज्या रंगाचं वेटोळं स्वस्त मिळेल ते घालतात. आमच्याकडची शिकलेली मुलंही दरवर्षी यावर एखादा बोर्ड जाळतात.

कापलेला गोल प्लग टाकून दिला नाहीत ना? दादाचं मीटर काढा. एक काडी प्लगच्या एकेका पिनेला लावा आणि दुसरी एकेका वायरीला. मीटर ज्या जोडीला वाजेल ती जोडी खरी, रंग काहीही असो. कुठली पिन कशाची ते काढून पाठवते आहे.

दुसरी गोष्ट, माऊस आपणहून बोलत नाही. वीज दिली की तो स्वतःला तपासतो आणि गप्प बसतो. ‘आता सांगत जा’ असा हुकूम त्याला द्यावा लागतो. कॉम्प्युटर तो न चुकता देतो, आपल्या बोर्डाला ते शिकवावं लागतं. दादाच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ अर्धी राहिलेली दिसली. मी पुरी केली आहे, कार्ड सोबत आहे.

बाजारातून नवीन माऊस आणू नका. त्यांना ही जुनी भाषा येत नाही. दुकानदार जुन्या गोल प्लगचा हिरवा जोड लावून ‘चालेल चालेल’ म्हणेल, पण चालणार नाही.

आणि वहिनी, एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा. दिवसाला चाळीस घरांच्या वर गेलं तर खालच्यांनी घरं सोडायची. वाद घालत बसायचं नाही.

त्या दगडांना रंग लावल्याचं वाचून आमच्या प्रयोगशाळेत सगळे हसले. तुम्ही तिथं जाऊन दोन शब्द सुनावले असतील असं वाटलं होतं.

लास्त्री

•

वातुलुम्पांग, २१ नोव्हेंबर

लास्त्री,

बोलला.

त्याच्यात पांढरी वायर विजेची निघाली आणि लाल माहितीची. कसली माणसं असतील ती. मीटर तीनदा लावून पाहिलं, मग जोडलं. रूळ बोटानं फिरवला, आणि स्क्रीनवर आकडे उलटसुलट पळायला लागले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात कुणी नव्हतं. मग कॉफी केली, एकच पेला.

पेटीखाली सिमेंटचा ओटा मी घातला. खालच्या पैनेमनं खुंटी ठोकून दिली. तिचं घर त्या चौदांतलं. खुंटीपासून पेटीपर्यंत नऊ मीटर बारा सेंटिमीटर भरले, ते वहीत आणि भिंतीवर लिहिलं. पेटीतून लांब वायर माझ्या स्वयंपाकघरात आणली आहे, म्हणजे चूल सोडून वर चढायला नको. रोज दोन-तीन घरं पुढे जातं. दुपारी ऊन असलं की तार तापून लांबते आणि चार घरं मागे येतं, संध्याकाळी परत जागेवर. पहिल्या दिवशी मी घाबरले होते, आता त्यावरून दुपार ओळखते.

सार्जिमान बघायला आला होता. ह्यांचा दोस्त, मला अजून मान देऊन ‘बू’ म्हणतो, म्हणून कॉफी दिली.

“बू, हे उंदीर डोंगराचा हात बघून भविष्य सांगणार होय?”

“भविष्य नाही सांगत. कालपासून किती हललं तेवढंच सांगतं.”

“आणि शून्य आलं तर डोंगर झोपला?”

“शून्य आलं तर बरंच.”

हे मी म्हणाले, लास्त्री. त्यानं ते सगळ्या वाडीला सांगितलं. तू दादाच्या वेळेपासून त्याला ओळखतेस. त्याला एखादं वाक्य आवडलं की तो त्याचा फलक करतो.

वागिराह

•

वातुलुम्पांग, ७ डिसेंबर

लास्त्री,

रविवारी सामुदायिक श्रमदान झालं. परीक्षक गुरुवारी, तेरा तारखेला येणार आहेत. मी एक टोपली तळलेला कसावा आणि किटलीभर कॉफी पाठवली, आणि गेले नाही. जायला हवं, रीत आहे. पण सकाळी खाली डोकावले तर दरड अडवायला लावलेल्या बांबूंवर लाल-पांढरे पट्टे ओढणं चाललं होतं. धोक्याचं लाकडी ढोलकं, ते लोंबकळतं ना सभागृहापाशी, त्याच्या फटीत प्लास्टिकची फुलं खोचत होते. एक जण कॅमेरा धरून होता आणि दुसरा तेच झाड परत परत लावत होता. चौदा घरांच्या वर भेग आणि खाली हा शृंगार. मला शिसारी आली. दार लावून घेतलं.

दुपारी आकडा एकदम वेडावला, शेकड्यांनी पुढे, शेकड्यांनी मागे. पोरांनी तारेला हात लावला असणार. सगळे गेल्यावर स्वयंपाकघरातूनच बटण दाबून परत शून्य केलं.

तेव्हापासूनचे आकडे सोबत आहेत. बघ. सोमवार शून्य, मंगळवार शून्य, बुधवार एक, मग परत शून्य. पाऊस रोज आहे. दुपारचं मागे येणंही थांबलंय. सार्जिमान येता-जाता विचारतो, “बू, झोपला ना?” मी मान हलवते.

मला बरं वाटायला हवं. तू काय म्हणतेस?

वागिराह

•

योग्याकार्ता, ९ डिसेंबर

वहिनी,

आकडे दोनदा पाहिले. काळजीचं कारण दिसत नाही. दुपारची चार घरं मागे येत नाहीत, कारण ऊनच नाही. आठवडाभर ढग, तार तापणार कशी? आणि पावसाआधी त्या लोकांनी वरचे पाट साफ केले असतील तर पाणी भेगेत शिरायचं थांबलं असेल. श्रमदानाचा असाही उपयोग होतो. थोडी तरी माया करा त्यांच्यावर.

माऊस मेला असता तर आकडा आलाच नसता, बोर्डानं चूक दाखवली असती. तो जिवंत आहे आणि शून्य म्हणतो आहे. दादा असता तर आज त्यानं आपला जुना लाउडस्पीकरचा भोंगा काढून तुम्हाला गाणं ऐकवलं असतं.

निवांत झोपा.

लास्त्री

•

वातुलुम्पांग, ११ डिसेंबर

लास्त्री,

आज दहा ते दोन कडक ऊन होतं. पापड वाळले. आकडा शून्य.

नऊ मीटर तार उन्हात लांबली नाही, असं होत नाही. उद्या उजाडलं की वर जाते. गियांतो निघालाय म्हणून एवढंच.

वागिराह

•

वातुलुम्पांग, १६ डिसेंबर

लास्त्री,

तुला बातम्यांतून कळलंच असेल. मी बरी आहे. रस्ता आज मोकळा झाला, गियांतो थांबलाय. होतं तसं लिहिते.

बुधवारी सकाळी वर गेले. पेटी होती, खुंटी होती, तार ताणलेली होती, शिसं लोंबकळत होतं. सगळं भेगेच्या खालच्या अंगाला. दोन्ही, लास्त्री. पेटी आणि खुंटी दोन मीटरवर समोरासमोर, उरलेली तार खुंटीला गुंडाळलेली, दोघींना लाल-पांढरा रंग, भोवती गुडघाभर कुंपण, आणि पाटी, ‘स्वर्गीय वितोनो यांचे यंत्र’. तार वाटेवर आडवी येत होती आणि तिथं त्यांना स्वागताची कमान उभारायची होती. म्हणून त्यांनी यंत्र नीट, जपून, मान देऊन बाजूला सरकवलं होतं. वायरसुद्धा तोडली नव्हती. जमिनीचा एकच तुकडा अकरा दिवस स्वतःशीच मोजत होता.

मी टेप घेऊन जुन्या ओट्यापासून खुंटीच्या जुन्या भोकापर्यंत मोजलं. भोकात पाणी साचलं होतं. नऊ मीटर एकतीस. एकोणीस सेंटिमीटर.

मला तिथंच ओकारी आली. रंगाची, पाटीची, त्या मानाची. आणि माझीही. मी रविवारी तोंड वाकडं करून दार लावलं नसतं तर ती खुंटी माझ्यासमोर उपटली गेली असती, आणि मी त्यांना थांबवलं असतं. आकडा वेडावला तेव्हा चार पावलं चढायची होती. मी बटण दाबलं. हे तू कुणाला सांगू नकोस असं लिहिणार होते. सांग.

सार्जिमान कमानीला फुलं बांधत होता.

“खुंटी तू हलवलीस?”

“बू, एक ओरखडा नाही पडू दिला. वितोनोची वस्तू.”

“भेग वीतभर उघडलीय.”

“यंत्र तर शून्य दाखवतंय.”

“ते तुझ्या कुंपणाची तब्येत सांगतंय. डोंगराची नाही.”

त्यानं टेप पाहिली. टेप वाचता येते त्याला, सुतार आहे तो. चेहरा उतरला, मी बघितलं. मग त्यानं कमानीकडे पाहिलं. “उद्या परीक्षक येतायत, बू. एक दिवस. शुक्रवारी पहिलं काम हेच. आज लोकांना घाबरवलं तर कोण उभं राहील उद्या इथं?”

मी ढोलक्याकडे गेले. फटीतली फुलं ओढून फेकली आणि न थांबता बडवत सुटले. त्यालाही रंग फासला होता, आवाज इतका बसला होता की फळकुटासारखं वाजत होतं. तरी लोक आले. सार्जिमान मागून ओरडत होता, “काही नाही, सराव आहे, सराव!” माणसं हसली. काही परत वळली. एक जण म्हणाला, “वितोनोच्या बायकोला एकटेपण सोसवेना झालंय.”

सभागृहात बायका परीक्षकांसाठी रांधत होत्या. पैनेम भाताची हंडी ढवळत होती. तिनं एकच विचारलं, “किती?”

मी वीत पसरून दाखवली.

तिनं डाव ठेवला. “भात शाळेत शिजला तरी भातच होतो. उचला गं.”

बायकांनी हंड्या उचलल्या. फणसाची भाजी, सोयाबीनचे टेंपे, केळीची पानं, सगळं शाळेत गेलं. दुपारी भूक लागली तसे पुरुष शिव्या घालत वर आले. पोरं आली, शेळ्या आल्या. सार्जिमानचा म्हातारा बाप तेवढा आला नाही. अंथरुणावर असतो. चौघांनी उचलावा लागतो. मी दोनदा सांगितलं. सार्जिमान म्हणाला, “वाडीप्रमुखाच्याच घराला कुलूप दिसलं तर काय अर्थ राहिला?”

पैनेम आणि मी खुंटी परत भेगेपलीकडे ठोकली. तीच तार, तोच माऊस. अंधार पडेपर्यंत एकशे वीस घरं. भिंतीवर चाळीस लिहिलं होतं, ते दिवसाला.

गुरुवारी सकाळी सगळ्यांना घरी जायचं होतं. आंघोळी, इस्त्रीचे कपडे, परीक्षक दहाला येणार. मी स्क्रीन शाळेच्या ओसरीत आणून ठेवली आणि आकडे मोठ्यानं वाचायला लागले. दुसरं काही बोलले नाही. सातशे दहा. सातशे बेचाळीस. आठशे. पहिले दोघे-तिघे तरीही उतरले, आकडा नऊशेवर गेला तसे परत आले. पुढचे पायरीवरच थांबले. कपड्यांवरून कुरकुरणारी एक पोरगी माझ्याशेजारी बसून माझ्याबरोबर आकडे म्हणायला लागली. नऊ वाजून दहा मिनिटांनी आकडा थांबला. तार तुटली होती. मग आवाज आला.

सभागृह आणि नऊ घरं गेली. सार्जिमान मुख्य रस्त्यावर परीक्षकांची वाट बघत उभा होता, हार घेऊन. तो वाचला. म्हातारा शनिवारी सापडला.

वागिराह

•

योग्याकार्ता, २० डिसेंबर

वहिनी,

‘निवांत झोपा’ हे मी लिहिलं होतं. चार दिवस तेच वाक्य डोळ्यांपुढे आहे. मला तारेचं गणित येतं, तरी मी ढगांवर ढकललं, कारण मला ते शून्य हवं होतं. तुम्ही सांग म्हणालात म्हणून तुमचं सांगितलं, पण आधी माझं सांगितलं.

आमच्या संचालकांना कळलं आहे. त्यांना तो माऊस सापडला तर काचपेटीत ठेवायचा आहे, आणि तुमचा फोटो हवा आहे, चुलीपाशी, हातात माऊस धरून. मी विचारते एवढंच म्हणाले.

लास्त्री

•

वातुलुम्पांग, ८ जानेवारी २०१९

लास्त्री,

संचालकांना सांग, माऊस मातीखाली आहे आणि मी चुलीपाशी नुसती बसत नाही. तुझ्या पत्रावर रागावले नाही. आपण दोघी एकाच जागी चुकलो. पुढच्या खेपेला दुपार जुळली नाही तर दोघींनीही झोपायचं नाही, एवढं ठरवू.

दरडीच्या वरच्या काठाला, शाळेच्या मैदानाच्या अंगाला, नवी भेग आहे. अजून बोटभरच आहे. मैदानात आता तंबू आहेत, सगळी माणसं तिथं. उरलेल्या तीन माऊसांतला एक मी जोडला. याच्यात वायरी निळी, पिवळी, तपकिरी, पांढरी. मीटर लावलं, रंगाकडे बघितलंच नाही. या वेळी खुंटी, पेटी आणि तार तिन्ही रोज डोळ्यांनी बघायची असं ठरवलंय. पण माझा गुडघा दिवसात एकदाच चढ चढतो. दोनदा बघायला हवं.

काल तंबूत स्पर्धेचं प्रमाणपत्र आलं. तिसरा क्रमांक. परीक्षकांनी आधी पाठवलेल्या फोटोंवरून गुण दिले म्हणे. जाड कागद, सोनेरी कडा, खाली शिक्का. ज्या सभागृहाला गुण मिळाले ते नदीत आहे. पैनेम इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग ती रडत बसली.

आज सकाळी सार्जिमान माझ्या दारात आला. बाप गेल्यापासून त्याच्याशी कुणी धड बोलत नाही, मीही नाही. दाढी वाढलेली, नखांत अजून तो लाल रंग. हातात तेच प्रमाणपत्र, उलटं धरलेलं. कोऱ्या बाजूवर त्यानं पट्टीनं रकाने आखले होते. तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ.

“बू, दुसरा कागद नाही,” तो म्हणाला. “मी चढतो दुपारचं. काय बघायचं तेवढं दाखव.”

माझ्या मनात काय आलं ते तुला खरं सांगते. त्याच्या नखांकडे बघून मला किळस आली. तशीच, त्या दिवशीसारखी. तो बापाला पुरून आलाय, मलाही पुरून येणं म्हणजे काय ते माहीत आहे, तरीही आली. वाटलं, दार लावून घ्यावं.

मी चपला घातल्या. वर नेलं. खुंटी कुठल्या अंगाला, पेटी कुठल्या, मधे भेग दिसलीच पाहिजे, हे त्याला हात लावून दाखवायला लावलं. तीनदा. दुपारी तार तापली की आकडा मागे यायलाच हवा, नाही आला तर खाली येऊन मला उठवायचं, मी जेवत असले तरी, हे म्हणून घेतलं. त्यानं पोरासारखं म्हणून दाखवलं. येताना तो मला आधार द्यायला हात पुढे करत होता. मी घेतला नाही.

किळस गेलेली नाही, लास्त्री. जाईल असंही वाटत नाही. दुपारी दोनला तो वरून आला आणि दारातून म्हणाला, “तीन मागे.” मी भिंतीवर लिहून घेतलं.

वागिराह